नाकारलेला सेकंड बेसमन

हेमंत, तुला बेसबॉलमधलं काही कळत नव्हतं. तू होतास तेव्हा हे मी तुला आठवड्यातून दोनदा सांगत होते, आणि आता तू नाहीस म्हणून मत बदलणार नाही. बाकीच्यांनी बदललं आहे. परवाच्या ऑनलाइन शोकसभेत तू अचानक दूरदृष्टीचा झालास, सगळ्यांना सांभाळून घेणारा झालास, आणि एकाने तर तुला मितभाषी म्हटलं. मितभाषी. कँटीनमध्ये तू दिसलास की ट्रे घेऊन दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांत हाच माणूस सगळ्यांत पुढे असायचा. मी माझा कॅमेरा बंद केला आणि चहा करायला उठले.

तुझ्या अंत्यसंस्काराला दहाच माणसांना परवानगी होती. तुझा आणि स्वातीचा गोतावळा असा की दहाचा आकडा तिला पुरता पुरत नव्हता, आणि मी तर नुसती ऑफिसातली. इथे आयर्लंडातच, पोर्टलीशच्या घरात बसून मी सगळं लॅपटॉपवर पाहिलं. कॅमेरा छताजवळ कुठेतरी लावलेला होता, त्यामुळे मला स्वातीचा भांग दिसला, तुझ्या पोरीची, ईराची पाठ दिसली आणि भटजींच्या टकलावर पडलेला उजेड दिसला. बाजूच्या चौकटीत लोक इथल्या रीतीने प्रतिक्रिया लिहीत होते. सॉरी फॉर युअर ट्रबल, सॉरी फॉर युअर ट्रबल, आणि हात जोडलेली चित्रं. मीही तेच लिहिलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून लिहिलं, आणि लिहिल्यावर स्वतःची कीव आली.

इथे मात्र मला जे म्हणायचं आहे ते म्हणणार. तू मध्ये बोलू शकत नाहीस, हा या लेखाचा एकमेव फायदा.

आपण दोघं एकाच औषधाच्या कारखान्यात. तू स्टॅबिलिटीत, मी क्वालिटीत. म्हणजे तू गोळ्या चाळीस अंशांच्या दमट कपाटात सहा महिने ठेवायचास, त्यांचं काय होतं ते पाहायचास, आणि त्या जोरावर साध्या कपाटात त्या दोन वर्षं टिकतील असं लिहायचास. मी ते वाचून तुला विचारायचे की कशावरून. नऊ वर्षं आपलं नातं एवढंच होतं. तुझे रिपोर्ट आशावादी असायचे. तू 'सिद्ध होते' लिहायचास, मी ते खोडून 'सूचित होते' करायचे, आणि तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणायचास, "मृणालबाई, तुम्ही जन्माला आलात तेव्हाही डॉक्टरांकडे पुरावा मागितला असेल."

बेसबॉल तू अमेरिकेतून आणलास. तिथल्या मूळ प्लांटमध्ये दोन वर्षं काढलीस आणि येताना ही खाज घेऊन आलास. त्यातून ती तुमची लीग. आठ जणांनी खऱ्याखुऱ्या खेळाडूंमधून आपापला संघ निवडायचा, ते खेळाडू तिकडे खऱ्या मॅचमध्ये जे करतील त्याचे गुण इकडे आपल्याला मिळणार. दरवर्षी नव्याने नाही. एकदा घेतलेला खेळाडू तुम्ही सोडेपर्यंत किंवा अदलाबदलीत देईपर्यंत तुमचा. आठवा माणूस मिळेना म्हणून तू मला ओढलंस. वर कारण काय, तर मला नियम वाचायला आवडतात. झालं, पहिल्याच वर्षी नियमांची वही माझ्या गळ्यात पडली.

मी तो खेळ तिरस्काराने शिकले आणि तुझ्यापेक्षा चांगला शिकले. सहा मोसमांत मी दोनदा जिंकले. तू एकदाही नाही. कारण सोपं होतं. तुला आज खेळणारा माणूस दिसायचाच नाही. तू नेहमी एकोणीस-वीस वर्षांची पोरं गोळा करायचास, पाच वर्षांनी काय होतील याची कोष्टकं करायचास, आणि ती पोरं मोठी होईपर्यंत तुझा संघ तळाशी. पाच वर्षांनी बघ, हे तुझं पालुपद. पाच वर्षांनी बघ, माझ्याकडे काय टीम असेल. त्यातली निम्मी पोरं कुठे गेली ते त्यांच्या आयांनाही माहीत नसेल. तुझ्या घराचंही तसंच. नावनला एवढं लांब घर का घेतलंस तर पुढेमागे रेल्वे येणार आहे. तुझ्या आयुष्यात सगळं पुढेमागे येणार होतं.

आणि मग तो सेकंड बेसमन.

एकवीस वर्षांचा, हडकुळा, सदा च्युइंगगम चघळणारा. तू त्याला शाळकरी असल्यापासून हेरून ठेवला होतास आणि त्याबद्दल बोलताना तुझा आवाज सासऱ्यासारखा व्हायचा. मी तुला शंभर वेळा समजावलं. सेकंड बेसमन म्हणजे कोण? ज्याचा हात डावीकडे उभ्या असणाऱ्या शॉर्टस्टॉपच्या लांब फेकीला पुरत नाही, त्याला उजवीकडे सरकवून जवळची फेक देतात, तो. लहानपणापासून सेकंड बेसमन व्हायचंय म्हणून कोणी होत नाही. त्यात दर दोन दिवसांनी कोणीतरी धावत येऊन त्याच्या पायात घसरणार. तिशीला गुडघे संपले की त्याला हलवायला जागा नाही, कारण तो आधीच हलवलेला आहे. तेव्हा त्याचं सगळं मोल बॅटवर. आणि या पोराची बॅट कशी, तर पाच आठवडे चांगली.

पाचच आठवडे, कारण गेल्या वर्षी तोवर मोसमच तेवढा झाला होता. कोविडमुळे जुलैअखेर सुरू झाला, साठ मॅचेस, रिकाम्या स्टँडमध्ये पुठ्ठ्याची माणसं बसवलेली. कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता की या वर्षावरून काही ठरवू नका. तू काय म्हणालास? तू म्हणालास की हे आपलं चाळीस अंशांचं कपाट आहे. पोरगा घरापासून दूर, हॉटेलात कोंडलेला, रोज नाकात काडी, प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, आणि तरी चेंडू बघून मारतोय. या उष्णतेत टिकला तर साध्या हवेत दहा वर्षं टिकेल. हे तू गंभीरपणे बोललास, टीम्सच्या मीटिंगमध्ये, शेअर केलेल्या स्क्रीनवर आलेख दाखवत. डेक्लन, तुझ्या लॅबमधला टेक्निशियन आणि आपल्या लीगचा सगळ्यांत समंजस मालक, एवढंच म्हणाला, "युअर मॅन इज ओन्ली अ बेबी, हेमंत. लेट हिम ग्रो." मी म्हणाले की नमुना एक, बॅच एक, आणि माणूस ही गोळी नाही. गोळीला घरची आठवण येत नाही.

ऑगस्टअखेर प्रवासाची बंदी उठलेली होती तेव्हा मी तुमच्याकडे नावनला आले. दीड तास गाडी चालवून, आणि मागच्या अंगणात दोन मीटर अंतरावर खुर्ची. ऊन होतं. तू जाड स्वेटर घालून बसला होतास आणि बारीक झाला होतास. मी म्हणाले, "वर्क फ्रॉम होम मानवलं रे तुला, पोट गेलं की."

"ग्रँड आहे मी," ठीक आहे म्हणायच्या इथल्या पद्धतीने तू म्हणालास. "डाएट."

स्वाती तेव्हा चहाचे कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला ते आज आठवतं. त्या दिवशी मी फक्त बिस्किटं कुठे राहिली असा विचार केला.

मग तू तुझा प्रस्ताव मांडलास. सेकंड बेसमन मला, आणि बदल्यात माझा फर्स्ट बेसमन तुला. माझा फर्स्ट बेसमन अडतीस वर्षांचा, पाठीला पट्टा बांधून खेळणारा, पण चेंडू बॅटला लागला की थेट मैदानाबाहेर. एखाद-दुसऱ्या वर्षाचा सोबती. तुझ्या संघात तेवढीच जागा रिकामी होती आणि त्या वर्षी, नवल म्हणजे, तू तळाशी नव्हतास. तू दुसरा होतास. मी पहिली.

"तुझं लाडकं पोर मला देतोस?" मी विचारलं.

"मला आत्ता फर्स्ट बेसमन हवाय."

"तू कधीपासून आत्ताचा विचार करायला लागलास?"

तू नुसता हसलास. तू गप्प बसलास म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं आहे, हे मी तिथल्या तिथे ठरवलं. दहा वर्षांचा माल देऊन वर्षभराचा कोण घेतो? ज्याला दहा वर्षांच्या मालातला किडा दिसला आहे, तोच. पोराच्या खांद्यात काही बिघाड असेल, कुठेतरी बातमी वाचली असशील, आणि आता तो माझ्या गळ्यात मारतोयस. मी म्हणाले की लेखी कळवते.

आणि कळवलं. त्याची मला आता लाज वाटते, पण तेव्हा मी ते लिहिताना एकटी हसत होते. आपल्या प्लांटच्या रिपोर्टचा साचा घेतला आणि भरला. उद्देश, पद्धत, निरीक्षणं, निष्कर्ष, खाली सहीची चौकट. पद्धतीत लिहिलं की नमुना अपुरा आहे. निरीक्षणांत गुडघे, हाताची ताकद, पाच आठवडे. निष्कर्ष मी तीनदा घासून लिहिला. 'या खेळाडूचे दीर्घकालीन मूल्य सिद्ध होत नाही. मालक तो घाईने सोडू पाहत असल्याने संशयास जागा आहे. मालकाने तो स्वतःजवळच ठेवावा आणि पाच वर्षांनी पुन्हा अर्ज करावा.' आणि तो मी तुला एकट्याला नाही, लीगच्या सगळ्याच जणांना पाठवला.

लोकांनी हसणारी तोंडं पाठवली. तू दुसऱ्या दिवशी सही करून परत पाठवलास. शेऱ्याच्या चौकटीत एकच ओळ होती: 'परीक्षकाने नमुन्याऐवजी विकणाऱ्याचा अभ्यास केला आहे.'

मला ती ओळ फार आवडली. अजून आवडते. तू इंग्रजीतही इतकं नेमकं कधी लिहिलं नाहीस.

सप्टेंबरअखेर मोसम संपला आणि मी जिंकले. थोडक्यात जिंकले, माझ्या म्हाताऱ्याने शेवटच्या आठवड्यात तीनदा चेंडू बाहेर मारला. तोच तुझ्याकडे असता तर तू जिंकला असतास, हे कळायला आलेख लागत नाही. मी ग्रुपवर लिहिलं की दूरदृष्टी हा दृष्टीचाच दोष आहे, चष्मा लावून घ्या. तू अंगठा पाठवलास.

नोव्हेंबरात तू व्हिडिओवर मला सांगितलंस. स्वादुपिंड. मी गाडी काढते म्हणाले, तर पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी होती आणि तुझ्या घरी सर्दीसुद्धा नेऊन चालणार नव्हतं. मग मी ते केलं जे मला येत नाही. मी गोड बोलायला लागले. रोज मेसेज, कसा आहेस, आज बरं वाटतंय का, काळजी घे. पाचव्या दिवशी तू लिहिलंस, "तू आता माझ्याशी चांगलं वागणार असशील तर मी तुला ब्लॉक करतो." मग मी तुझा जुना एक रिपोर्ट काढला आणि त्यातल्या सतरा चुका तुला पाठवल्या. तू त्यातल्या बाराच मान्य केल्यास. ते आपलं शेवटचं नीट बोलणं.

तू गेल्यावर नवव्या दिवशी स्वातीचा फोन आला. ती दमलेली होती, पण माझ्याशी बोलताना तिला बरं वाटत होतं, कारण मी रडत नव्हते. बोलता बोलता ती म्हणाली, "जूनपासून आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं, त्याचं ओझं फार झालं गं."

"जूनपासून?" मी म्हणाले.

"जूनमध्येच कळलं. डॉक्टरांनी वर्षही दिलं नव्हतं. तुला नोव्हेंबरात सांगितलं त्याने, मला माहितीये. तू अंगणात आलीस तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, आता तरी सांग. त्याला या वर्षी एकदा जिंकायचं होतं. एकदाच. तुझ्याकडचा कोणीतरी हवा होता ना त्याला? मी म्हटलं, सांगितलंस तर मृणाल लगेच देईल. तर म्हणे, म्हणूनच नाही सांगायचं. तिने हिशेबाने द्यायला हवा, कीव करून नको."

फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहिले आणि तुला मोठ्याने शिव्या दिल्या. हा कसला माज, हेमंत? मरायला टेकलेल्या माणसाने न्याय्य सौदा मागायचा? मी तुला तो खेळाडू दिला असता, वर चार पोरं दिली असती, आणि तुला कधी कळू दिलं नसतं की मला माहीत आहे. नाही, हे खोटं. तुला लगेच कळलं असतं. मला गोड बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण म्हणून गप्प बसायचं? तू मूर्ख होतास आणि वर स्वाभिमानी होतास, आणि या दोन गोष्टी एका माणसात आल्या की आजूबाजूच्यांचे हाल होतात.

आणि माझं काय? नऊ वर्षं लोकांच्या कागदांतल्या चुका काढून पगार घेणारी बाई मी. पाच वर्षांच्या पलीकडेच बघणारा माणूस एके दिवशी 'आत्ता' म्हणतो, ऑगस्टच्या उन्हात स्वेटर घालतो, त्याची बायको आत जाऊन बसते, आणि मी निष्कर्ष काय काढते, तर पोराच्या खांद्यात बिघाड असावा. तू म्हणालास विकणाऱ्याचा अभ्यास केला. तोही मी धड केला नाही. माझ्या हाताखालच्या कुणी असा रिपोर्ट लिहिला असता तर मी त्याला पुन्हा ट्रेनिंगला बसवलं असतं.

उरला तुझा संघ. नियमांप्रमाणे मालक गेला की त्याचे खेळाडू सगळ्यांत वाटले जातात. नियम मीच लिहिला आहे. डेक्लनने अवघडत विचारलं की काय करायचं, लवकरच नवा मोसम आहे. मी म्हणाले की वाटणार नाही, ईरा घेईल का विचारते. कोणी हरकत घेतली नाही. घेतली असती तर त्याचं काय केलं असतं ते मी इथे लिहीत नाही.

तुझी पोरगी पंधरा वर्षांची झाली आहे आणि तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती नावनच्या इंग्रजीत देते, हे तुला माहीतच आहे. व्हिडिओवर तिने तुझी कोष्टकं उघडून ठेवली होती. मी म्हणाले, "ईरा, तुला माझा फर्स्ट बेसमन देते. बदल्यात काही नको."

"ही इज थर्टी-नाइन नाउ," ती म्हणाली. "व्हाय वुड आय वाँट हिम?"

खरं आहे. बाबाला हवा होता, हे मी तिला सांगू शकले नाही. मग मी दुसरी बाजू धरली. म्हणाले की ठीक आहे, तर तो सेकंड बेसमन मला दे. त्याच्या बदल्यात माझे दोन चांगले पिचर घे. तिने मान हलवली. मी तीन म्हणाले. मग माझा शॉर्टस्टॉप त्यात घातला. मी माझा अर्धा संघ त्या हडकुळ्या, च्युइंगगम चघळणाऱ्या पोरासाठी तिच्यापुढे मांडला, ज्याचं मूल्य सिद्ध होत नाही असं मी सगळ्या लीगला लेखी कळवलं होतं. ईरा माझ्याकडे तुझ्यासारखी, जरा मान कलती करून बघत होती.

"यू डोंट इव्हन लाइक हिम, मृणाल मावशी."

"नाही आवडत," मी म्हणाले. "दे तरी."

"नो. ही इज ओन्ली ट्वेंटी-टू. आय कॅन वेट. आय अ‍ॅम इन नो रश, लाइक."

मी बरं म्हणाले आणि वहीत तुझा संघ तिच्या नावावर लिहिला. तिने कॉल बंद केला, तिला शाळेचा ऑनलाइन तास होता. मी वही मिटली. तिला घाई नाही, हेमंत. तुला होती. कसली, एवढं त्या अंगणात मी विचारायला हवं होतं.